तिच्या पत्रिकेतलं माझ्याही वाट्याला येईल का?

एका मैत्रिणीचं पत्र आलंय. मोठं आहे म्हणून थोडक्यात देते.

"ताई, मी ३० वर्षांची. माझी जिवलग मैत्रीण आणि मी एकाच हॉस्पिटलमध्ये, एकाच सकाळी जन्मलो, आधी ती आणि आठ मिनिटांनी मी. आमच्या आया शेजारशेजारच्या खाटांवर होत्या, तेव्हापासूनचा घरोबा. तिचं लग्न २३व्या वर्षी झालं, माझं २७व्या. सात महिन्यांपूर्वी तिचा नवरा रात्रीच्या प्रवासात गाडीच्या अपघातात गेला. नंतर माझ्या आईने आमच्या दोघींच्या पत्रिका एका ज्योतिषांना दाखवल्या. ते म्हणाले पत्रिका एकच आहे, लग्नरास तीच, पुष्य नक्षत्र तेच, अष्टमात मंगळ, दोघींना केतूची महादशा, तिचं झालं ते झालं पण हिने अजून दीड वर्ष नवऱ्याला जपावं. तेव्हापासून मी नीट झोपलेली नाही. नवऱ्याला दिवसातून वीस-वीस फोन करते, लोकेशन बघत बसते. फिरतीचं काम होतं म्हणून त्याला प्रमोशन नाकारायला लावलं, त्याने नाकारलं पण घरात अबोला आहे. मैत्रिणीचा फोन आला की हात थरथरतात, मी उचलत नाही. सात महिन्यांत तिला दोनदाच भेटले. एकाच क्षणी जन्मलेल्यांचं नशीब खरंच एकच असतं का?"

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना डोक्यात पत्रिका होती, दुसऱ्यांदा तुझा नवरा, आणि तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा ते शेवटाकडचं वाक्य, हात थरथरतात आणि मी उचलत नाही, तिथेच अडकले. त्याच्याकडे मी येणार आहे, पण आधी पत्रिकेचं बोलते, कारण ती भीती सुटल्याशिवाय तुझा हात फोनकडे जाणार नाही हे मला कळतंय.

आधीच सांगते, मी ज्योतिषाला शिव्या घालणारी बाई नाही. सहा-सात वर्षं मी स्वतः हे शिकलेय, पंचांग आणि लग्नसारणी घेऊन हाताने पत्रिका मांडायचे, दशा काढायचे, रात्र रात्र बसायचे. नंतर सोडलं, का सोडलं त्यात जुळ्यांचा आणि सहजन्मींचा हाच प्रश्न मोठा होता. त्यामुळे तुझ्याशी मी त्या ज्योतिषांच्याच भाषेत बोलू शकते, आणि मला वाटतं तेच बरं, कारण तुला घाबरवलंय ते त्याच भाषेत.

तर बघ. तुम्ही दोघी आठ मिनिटांच्या अंतराने जन्मलात. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे तुमच्या पत्रिकेतल्या लग्नाचा, जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीचा, अंश साधारण दोनने पुढे-मागे. लग्नरास बदलायला सुमारे दोन तास लागतात, म्हणून ती एकच असणार हे बरोबर आहे. ग्रह तर आठ मिनिटांत जागचे हलत नाहीत म्हटलं तरी चालेल. मंगळ त्याच घरात, शनी त्याच राशीत. इथपर्यंत त्यांचं म्हणणं खरं, पत्रिकेचं चित्र एकच.

आता दशा. ही गोष्ट मात्र मला तुला नीट समजावून सांगायचीय, कारण भीतीचं सगळं घर त्या दीड वर्षावर उभं आहे. विंशोत्तरी दशा, म्हणजे आयुष्याचे ग्रहांना वाटून दिलेले कालखंड, चंद्रावरून काढतात हे तुला माहीत असेलच, जन्मवेळी चंद्र नक्षत्राचा जितका भाग चालून गेलाय तितकी पहिली दशा जन्माआधीच भोगून झाली असं धरतात आणि उरलेली पुढे चालू. पुष्याचा स्वामी शनी, त्याची १९ वर्षं, मग बुधाची १७, मग केतूची ७. चंद्र दिवसाला साधारण १३ अंश चालतो, आठ मिनिटांत जेमतेम साडेचार कला सरकतो (एका अंशाच्या साठ कला), आणि नक्षत्र असतं ८०० कलांचं. हा हिशेब १९ वर्षांवर मांडला की येतो साधारण सव्वा महिना. आणि कुठल्या दिशेने येतो ते बघ, जी नंतर जन्मली तिच्यावेळी चंद्र पुढे गेलेला, म्हणजे तिची शनीची दशा कमी उरलेली, म्हणजे तिच्या पुढच्या सगळ्या दशा आधी सुरू होणार आणि आधी संपणार. नंतर जन्मलेली तू आहेस.

म्हणजे त्यांच्याच शास्त्राच्या गणिताने केतू तुझ्याकडे आधी आला, तिच्याकडे नंतर. ज्या अंतर्दशेत, म्हणजे महादशेच्या पोटातल्या छोट्या दशेत, तिच्या नवऱ्याचा अपघात झाला ती तुझ्यावरून सव्वा महिना आधीच येऊन चालत होती. त्या दिवसांत तुझ्या घरात काय झालं? आठवून बघ, जुने मेसेज काढून बघ. मला खात्री आहे की तू ऑफिसला जात होतीस, नवरा घरी येत होता, कशावरून तरी भांडलाही असाल. "तिचं झालं, आता हिचं होणार" हा क्रम त्या पत्रिकेत नाही. तो क्रम तिच्या घरी झालेलं दुःख आधी बघून मग लावलेला आहे.

आता त्या ज्योतिषांना विचारलंस तर ते काय म्हणतील तेही मी सांगते, कारण मी स्वतः हेच म्हणायचे. ते म्हणतील, अहो आठ मिनिटांत षष्ट्यंश, म्हणजे राशीचा साठावा भाग, चार वेळा बदलतो, दोन-दोन मिनिटांचा असतो तो, किंवा कृष्णमूर्ती पद्धतीत लग्नाचा सब, म्हणजे नक्षत्राचा पोटभाग, बदलला असेल, सूक्ष्म फरक असतात. बरं, असतील. मग माझा प्रश्न एवढाच की ते सूक्ष्म फरक जर इतके मोठे असतील की त्यांनी आयुष्य बदलतं, तर तुझी पत्रिका तिच्यासारखी नाही, आणि तिच्या घरात झालेल्या गोष्टीवरून तुला घाबरायचं कारणच संपलं. आणि ते फरक जर किरकोळ असतील, तर तुमचं दोघींचं आयुष्य आजपर्यंत सारखं का गेलं नाही? तिचं लग्न २३व्या वर्षी आणि तुझं २७व्या, हे चार वर्षांचं अंतर त्या एकच पत्रिकेत कुठे होतं? मला सांग, तुमचं शिक्षण एक आहे का, नोकरी एक आहे का, आजारपणं एकाच वर्षी आली का, वडील-भाऊ-बहिणी यांच्या बाबतीत जे झालं ते दोघींच्या घरी बरोबरच झालं का? तू ३० वर्षं तिला जवळून बघितलंयस, हे कुणाही ज्योतिषापेक्षा तुला जास्त माहीत आहे. एक कागद घे आणि लिही. दोघींच्या आयुष्यातली वळणं वर्षांसकट शेजारी शेजारी लिही. मी हे काही शिक्षा म्हणून सांगत नाहीये, खरंच लिही, रात्री झोप येत नाही तेव्हाच लिही.

सूक्ष्म फरकाचं म्हणशील तर त्यात अजून एक गंमत नव्हे, दुखरी गोष्ट आहे. जन्माची वेळ म्हणजे नक्की कुठली वेळ? डोकं बाहेर आलं ती, पूर्ण बाळ बाहेर आलं ती, पहिलं रडलं ती की नाळ कापली ती? यावर ज्योतिषांमध्येच एकमत नाही. आणि हॉस्पिटलमध्ये त्या घटकेला सगळ्यांचं लक्ष आई आणि बाळाकडे असतं, असलंच पाहिजे, वेळ नंतर भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहिली जाते आणि ती बऱ्याचदा पाचाच्या पटीत गोल केलेली असते. तुमची ती आठ मिनिटं खरी सहा असतील, अकरा असतील. अशा वेळेवर दोन-दोन मिनिटांचे भाग मोजून कुणाचा तरी नवरा जाणार की राहणार हे ठरवायचं, हे मला तेव्हाही जमलं नाही आणि आज तर अंगावर काटा येतो.

हा प्रश्न तुझ्या-माझ्या आधी फार जुन्या लोकांना पडलाय. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये निगिडियस नावाचा एक विद्वान होता, त्याला असंच कुणीतरी जुळ्यांबद्दल अडवलं. त्याने काय केलं, कुंभाराचं चाक जोरात फिरवलं आणि फिरत्या चाकावर शाईचे दोन ठिपके मारले, एकापाठोपाठ एक, जमेल तितक्या झटकन, जणू एकाच जागी. चाक थांबल्यावर बघतात तर ठिपके एकमेकांपासून लांब. म्हणाला आकाश याहून वेगाने फिरतं, जुळ्यांमध्ये म्हणूनच फरक पडतो. त्यावरून म्हणे त्याला नावच पडलं कुंभार. पुढे ऑगस्टीन नावाचे धर्मगुरू झाले, तरुणपणी त्यांचाही ज्योतिषावर विश्वास होता, ते म्हणाले चाकाचं उदाहरण त्या चाकावर घडणाऱ्या मडक्यांपेक्षाही ठिसूळ आहे, कारण आकाश इतकं वेगाने फिरत असेल की जुळ्यांमधला फरक कुणाला पकडता येत नाही, तर मग ज्यांची वेळ अंदाजाने सांगितली जाते त्या बाकी सगळ्यांचं भविष्य तुम्ही कुठल्या तोंडाने सांगता?

या ऑगस्टीनचा स्वतःचा विश्वास कशाने उडाला तीही गोष्ट मला फार जवळची वाटते. त्यांचा एक मित्र होता फर्मिनस. त्या मित्राच्या वडिलांना ज्योतिषाचं इतकं वेड की घरातल्या जनावरांच्या जन्माच्याही वेळा टिपून ठेवायचे. फर्मिनस पोटात होता तेव्हाच वडिलांच्या एका मित्राकडची दासी पण गरोदर होती. दोन्ही घरांनी ठरवलं की बाळ जन्मल्याबरोबर दुसऱ्या घरी निरोप धाडायचा. आणि झालं असं की दोन्हीकडचे निरोपे बरोबर मध्यावर एकमेकांना भेटले, म्हणजे दोन्ही बाळं एकाच घटकेची, पत्रिकेत तसूभर फरक काढता येईना. फर्मिनस श्रीमंत घरात वाढला, शिकला, मानाची पदं भोगली. दासीचा मुलगा दासच राहिला. सोळाशे वर्षांपूर्वी एका माणसाने हे ऐकलं आणि त्याला कळलं की त्या दोन मुलांमधला फरक आकाशात शोधून सापडणार नाही, तो ज्या घरात जन्मले त्या घरात आहे.

तू म्हणशील ताई या जुन्या कथा झाल्या, एखाददुसरं उदाहरण कुठेही मिळतं. बरोबर आहे. म्हणून मोठं उदाहरण सांगते. ब्रिटनमध्ये १९५८ साली ३ ते ९ मार्च या एका आठवड्यात जन्मलेल्या जवळपास सगळ्या बाळांची, सुमारे १७,००० मुलांची नोंद घेतली गेली. ज्योतिषासाठी नाही हं, बाळंतपणाच्या आणि बाळांच्या आरोग्याच्या अभ्यासासाठी. मग ती मुलं मोठी होत गेली तसं त्यांच्याकडे परत परत जाऊन बघितलं, ७व्या, ११व्या, १६व्या, २३व्या वर्षी. त्यातल्या फक्त लंडनमध्ये जन्मलेल्या २,१०१ जणांना जेफ्री डीन नावाच्या संशोधकाने जन्मवेळेप्रमाणे एका रांगेत लावलं. हा डीन आधी स्वतः ज्योतिषी होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. सात दिवसांची मिनिटं होतात १०,०८०, म्हणजे रांगेत शेजारी असलेल्या दोघांत सरासरी पाच मिनिटांहूनही कमी अंतर. तुमच्या आठ मिनिटांपेक्षा कमी! आणि मग शंभरावर गोष्टी तपासल्या, बुद्धी, स्वभाव, चिंता करायची सवय, गणित, वाचन, खेळ, तब्येत, काम, लग्न झालं की नाही. आकाशात काही असतं तर शेजारचे दोघं रांगेतल्या लांबच्या कुणापेक्षा थोडे तरी जास्त सारखे निघायला हवे होते. निघाले नाहीत. थोडेसुद्धा नाहीत. २००३ मध्ये त्याने आणि इव्हान केली यांनी हे छापलं, आणि मला आठवतंय मी हे वाचलं त्या रात्री माझ्या पत्रिकांच्या वह्या कपाटाच्या वरच्या फळीवर गेल्या त्या पुन्हा खाली आल्या नाहीत.

आपल्याकडे पण झालंय. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका घेतल्या आणि ज्योतिषांना म्हणाले यातली कुठली कुठल्या गटातली ते सांगा. प्रत्येकाला ४० पत्रिका. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, सरासरी बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती. मुलाचं आयुष्य ज्या एका गोष्टीने सगळं बदलून जातं तीच पत्रिकेत दिसली नाही, मग पुढच्या दीड वर्षात एखाद्या रस्त्यावर काय होणार ते दिसेल का, तूच सांग.

अष्टमातल्या मंगळाचंही बोलते, कारण त्या शब्दाने कुणीही बाई हादरते. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला की मंगळाची पत्रिका म्हणतात. बारा घरांतली पाच घरं. म्हणजे जगातल्या दहातल्या चार माणसांना मंगळ आहे, तुझ्या ऑफिसमधल्या दहातल्या चार बायकांना आहे. नुसता अष्टमातला म्हटला तरी बारातल्या एकीला. आणि जगात दर मिनिटाला अडीचशेच्या आसपास बाळं जन्मतात, तुमच्या त्या आठ मिनिटांत दोन हजार बाळं जन्मली असतील, त्यातल्या साधारण निम्म्या मुली. पृथ्वीवर कुठेही जन्मल्या तरी चंद्र त्यांच्यासाठी तोच, म्हणजे दशाही तीच. त्या हजारभर बायकांचे नवरे या वर्षात रस्त्यावर गेले असतील असं तुला मनापासून वाटतं का? त्यातल्या कितीतरी जणींची लग्नंच झाली नसतील.

आणि नवऱ्याची स्वतःची पत्रिका असते की. त्याच्या आईची असते. दोघांना मूल असेल तर त्याची असते, भावाबहिणींची असते. एक माणूस गेला तर या सगळ्यांच्या पत्रिकेत ते दिसायला हवं. सिसेरो नावाच्या जुन्या रोमन विचारवंताने हाच प्रश्न उलटा करून विचारला होता, कॅनीच्या लढाईत इसवी सनापूर्वी २१६ साली एका दिवसात हजारो रोमन सैनिक मेले, त्या सगळ्यांची काय एकच जन्मवेळ होती? वेगवेगळ्या पत्रिकांना एकच शेवट आणि एकच पत्रिकेला वेगवेगळे शेवट, दोन्हीकडून धागा तुटतो.

एक गोष्ट मला फार हळू आवाजात विचारायचीय. तुझ्या मैत्रिणीचं लग्न पत्रिका बघून झालं होतं का? बहुतेक झालं असणार, दोन्ही आया पत्रिका सांभाळून ठेवणाऱ्या दिसतात. मग तेव्हा कुणी म्हणालं होतं का की हिचा नवरा सात वर्षांत जाईल? तोच मंगळ तेव्हाही तिथेच होता, केतूची दशा कधी येणार हे तेव्हाही काढता येत होतं. कुणी म्हणालं असतं तर तुझ्या पत्रात ते पहिल्या ओळीत आलं असतं. आता सगळ्यांना दिसतंय कारण आता झालेलं आहे. झाल्यावर दिसणाऱ्या गोष्टीला भविष्य नको म्हणूया. आणि हे तिच्यासमोर कुणी बोलत असेल, की तुझ्या पत्रिकेतच होतं, तर ते थांबव, कारण त्याचा अर्थ त्या पोरीला असा ऐकू येतो की माझ्यामुळे गेला. तू विचार केलास का याचा? तुझ्या आईने तिची पत्रिका नेऊन दाखवली हे तिला कळलं असेल का?

तुझ्या आईवर मी रागावत नाहीये. लेकीसारख्या वाढलेल्या पोरीवर असा प्रसंग आलेला बघितला की आई आपल्या लेकीसाठी जिथे दार उघडं दिसेल तिथे जाते. ज्योतिषांनीही मुद्दाम घाबरवलं असेलच असं नाही, पुष्कळ जण मनापासून मानून सांगतात, मीही सांगायचे, आणि मी कुणाकुणाला काय काय सांगून बसले असेन याचं मला आजही वाईट वाटतं. पण "जपा" हा शब्द सोपा आहे, तो ऐकून घरी जाणारी बाई पुढचे पाचशे दिवस कशी काढते ते सांगणाऱ्याला दिसत नाही.

आता तुझ्या घराचं. भीती पूर्ण जायला वेळ लागेल, समजलं म्हणजे लगेच पटलं असं नसतं, रात्री दोन वाजता कुठलाही अभ्यास आठवत नाही. म्हणून त्या भीतीला काम दे. अपघात हा रस्ता, वेग, झोप आणि पट्टा यांनी होतो किंवा टळतो. नवऱ्याशी बसून ठरवा की लांबचा प्रवास शक्यतो दिवसा, रात्री अर्धवट झोपेत गाडी चालवायची नाही, पुढे बसा की मागे सीटबेल्ट लावायचाच, दुचाकी असेल तर हेल्मेट बांधूनच, आणि पोचल्यावर एक मेसेज. एक. वीस फोन नकोत, गाडी चालवणाऱ्या माणसाला तू वीस वेळा फोन करतेस हे तुला मी सांगायला हवं का? त्यातला एखादा त्याने वळणावर उचलला तर? तुझ्या काळजीतली हीच एक गोष्ट खरोखर धोक्याची आहे, ती आजपासून बंद कर. लोकेशन बघायचं दिवसातून दोनदा ठरव, मग एकदा, मग काढून टाक. विमा, नॉमिनी, कागदपत्रं कुठे आहेत हे एकदा दोघांनी नीट बघून ठेवा, हे कुठल्याही पत्रिकेच्या नवराबायकोने करावं असं आहे.

प्रमोशनबद्दल त्याची माफी माग. स्पष्ट शब्दांत, "मी घाबरले होते, तुझ्यावर अन्याय झाला" असं. त्याला वाटत असेल की बायकोला माझं पुढे जाणं नकोय, कारण भीतीचा आकार त्याला माहीतच नसेल. त्याला सांगितलंयस का ज्योतिषी नक्की काय म्हणाले ते? पत्रावरून मला वाटतं नाही सांगितलेलं. सांग. ऑफिसला अजून विचारता येत असेल तर विचारू दे, नसेल तर पुढच्या वेळी. आणि सात महिने नीट झोप नाही, सारखं तपासत बसणं, हात थरथरणं, हे एकटीने ओढत बसायचं दुखणं नाहीये गं, काउन्सेलरकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू बघितल्यावर असं बऱ्याच जणांना होतं आणि त्यावर उपचार आहेत. तुलाही धक्का बसलाय. तो तुझ्या मैत्रिणीचा नवरा होता म्हणून तुझं दुःख दुसऱ्या नंबरचं ठरत नाही, सात वर्षं तू त्याला ओळखत होतीस, त्याच्यासाठी तू रडलीस का नीट? की भीतीने रडायलाच दिलं नाही?

आणि आता तो फोन.

तू तिच्याकडे जात नाहीस कारण तिच्याकडे बघताना तुला तुझं पुढचं दीड वर्ष दिसतं. मला हे समजतं. पण तिच्या बाजूने बघ. तिचा नवरा गेला, आणि जन्माच्या पहिल्या आठ मिनिटांनंतर जी कायम बरोबर होती ती मैत्रीणही त्याच महिन्यात गेली. तिला वाटत असेल की मी नकोशी झाले. कदाचित वाटत असेल की मी अशुभ झाले म्हणून ही येत नाही, आणि तसं तिला बाकीच्यांनी आधीच जाणवून दिलं असेल. तरी ती तुला फोन करते. तू उचलत नाहीस तरी करते. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त त्याने दुखलं.

फोन करण्यासाठी भीती संपायची वाट बघू नकोस, थरथरत्या हाताने कर. काय बोलू असं वाटेल. "मी उचलत नव्हते, माझं चुकलं, मी घाबरले होते, येऊ का?" एवढंच बोल. ती चिडली तर चिडू दे, तिचा हक्क आहे. रडली तर ठेवू नकोस. काहीच बोलली नाही तर परवा परत कर. पत्रिकेचं पहिल्या दिवशी काढू नकोस, पण तिने विचारलंच की इतके दिवस का नाही आलीस, तर खोटं बोलू नकोस, कामात होते वगैरे नको, तिला कळेल. तिला सांग ज्योतिषी काय म्हणाले, तू काय मानून बसलीस, आणि मग त्या सव्वा महिन्याचा हिशेबही सांग, की शास्त्राप्रमाणे आधी माझा नंबर होता आणि माझ्याकडे काही झालं नाही, म्हणजे तुझ्याकडे जे झालं ते तुझ्या पत्रिकेने केलं नाही. हे वाक्य तुझ्यापेक्षा तिला जास्त हवं असेल असं मला वाटतं. इतर कुणाच्या तोंडून ते तिला पटायचं नाही, तुझ्या तोंडून पटेल, कारण तीच पत्रिका तुझ्याकडे आहे.

जाताना आईलाही घेऊन जा, पण दुसऱ्या खेपेला. पहिल्यांदा तू एकटी जा.